कॅप्टनला हाक मारू नये, ही विनंती

राजुरा तालुका,
सोमवार, दुपार

प्रिय मित्र पत्रू भाऊ यास,

लटारूचा जोहार आणि रुखमाबाईचा रामराम. (तिनं तोंडानं काही सांगितलेलं नाही, पण पत्र लिहितोय म्हटल्यावर चुलीपासून मान हलवली, तो मी रामरामच धरतो.) तुझा गुडघा कसा आहे? सोमारीवहिनींचा खोकला थांबला का? धान कापून झालं की अजून बांधीत उभं आहे? हा शेवटचा प्रश्न मी सहज विचारतोय असं समजू नकोस, त्याच्या उत्तरावर माझं बरंच काही अवलंबून आहे. तू बाजाराच्या दिवशी एटापल्लीहून फोन करतोस आणि कुत्रं कसं आहे विचारतोस, तेव्हा मी मस्त आहे म्हणून मोकळा होतो. गेले पाच महिने मी तेच करतोय. फोनवर मला खोटं बोलता येतं, कागदावर जरा जड जातं, म्हणून पत्र. (बोलताना मी मले-तुलेच करतो हे तुला माहीत आहे. पण बत्तीस वर्षं साहेबांना अर्ज लिहून हाताला पुस्तकी वळण लागलंय, ते गोड मानून घे.)

आपला करार तुला आठवतोच. मला तर रोज सकाळी आठवतो. मृगाच्या आधी तुझ्या अंगणात बसलो होतो, तू पाच महिन्यांचं भुरं पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलंस आणि म्हणालास की मागचं पिल्लू एका ठेकेदाराले देल्लं, त्यानं त्याले साखळीतच म्हातारं केलं. आता धान कापून झालं की मी तुझ्या घरी येतो, माह्यासमोर त्याले हाक मार, आला तं तुझा, नाई आला तं माह्यासंगं वापस. मी त्यावर हसलो होतो. आश्रमशाळेत बत्तीस वर्षं पी.टी. शिकवलेला माणूस मी, एका शिट्टीत तीनशे पोरं रांगेत उभी करायचो, आणि तू तिथला स्वयंपाकी, ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघायचास. कुत्रं हाकेला आणायचं म्हणजे किती मोठं काम असणार? तर आता धान कापायची वेळ आली आहे आणि कुत्रं हाकेला येत नाही. पत्र खरं तर इथेच संपतं. पण तू म्हणशील, गुरुजींनी मेहनत घेतली नसेल. भाऊ, मेहनत घेतली म्हणूनच येत नाही. ते कसं झालं ते सांगतो.

पहिल्याच दिवशी मी त्याचं नाव कॅप्टन ठेवलं. (रुखमाबाई त्याला भुऱ्या म्हणते. मान तो भुऱ्यालाच वळवतो.) नागपूरची सून मयुरी, तिनं कुत्रा शिकवायचे व्हिडिओ मोबाईलवर पाठवले. त्यात एक चांगल्या घरचा तरुण हिरव्यागार गवतावर उभा राहून हळू आवाजात बस म्हणतो आणि त्याचा कुत्रा बसतो. तो तरुण दर वेळी सांगायचा की आधी कुत्र्याचा विश्वास मिळवा, पण तेवढा भाग मी पुढे सरकवायचो. विश्वास वगैरे आपोआप येतो, आधी शिस्त लागते, हे मी आयुष्यभर सांगत आलोय. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी पॅन्ट चढवली, गळ्यात जुनी शिट्टी अडकवली, अंगणात चुन्याची रेघ मारली आणि जोरात शिट्टी फुंकली. कॅप्टन बैलबंडीखाली गेला तो दुपारच्या भाकरीलाच बाहेर आला. मी म्हटलं, नवा आहे, बुजला असेल. रोज फुंकत गेलो. पंधरा दिवसांत त्याची प्रगती अशी झाली की मी शिट्टी नुसती हातात घेतली तरी तो बंडीखाली जायचा.

मग शिट्टी सोडून तोंडी हुकूम सुरू केले. एक दिवस मी अंगणात उभा राहून पोटातून आवाज काढून सावधान म्हटलं. कॅप्टन कान खाजवत बसला होता, तो खाजवतच राहिला. पण रस्त्यानं आमचे तलाठी मोटारसायकल ढकलत चालले होते (पेट्रोल संपलं होतं), ते जागच्या जागी ताठ उभे राहिले आणि मोटारसायकल आडवी झाली. तलाठी म्हणजे आपला लालसू. हो, तोच, सहावीत खिडकीतून उडी मारून तुझ्याकडे खिचडीची खरवड खायला यायचा तो. आता इकडे बदलून आलाय. मी धावत जाऊन मोटारसायकल उचलू लागलो तर म्हणाला, सर, तुमी विश्राम म्हना पयले, मंग मले हलता येते. हसत म्हणाला, पण मी विश्राम म्हणेपर्यंत खरंच हलला नाही. चहा घे म्हटलं तर काम आहे म्हणाला. तो आमच्या गावात येऊन वर्ष झालंय आणि आमच्या घरात अजून एकदाही आलेला नाही. हे मी त्या दिवशी मोजलं, त्याआधी मोजलं नव्हतं.

आता हाकेबद्दल. चूक माझी आहे, आणि अशी चूक करायला बत्तीस वर्षांचा अनुभवच लागतो. पहिल्यांदा मी कॅप्टन ये म्हटलं आणि तो खरोखर आला, शेपटी हलवत आला. मी त्याला उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेलं आणि रेबीजची सुई टोचून आणली. दुसऱ्यांदा ये म्हटलं, जरा विचार करून आला. त्या दिवशी गोचिडांचं औषध घालून अंघोळ होती. तिसऱ्यांदा अर्ध्या वाटेपर्यंत आला, तिथे मी झडप घालून गळ्यात पट्टा अडकवला. चौथ्यांदा आला नाही. तू सांग, तू गेला असतास का? मी नसतो गेलो. पण तेव्हा मला वाटलं की हे कुत्रं बेशिस्त आहे, म्हणून मी आणखी जोरात हाक मारू लागलो. शेवटी कॅप्टन हा शब्द ऐकला की तो मागच्या कुंपणातून शेजारच्या कलाबाईच्या वाडीत जायचा. मग मी डोकं चालवलं. उलट्या खोपडीचं जनावर आहे तर हुकूमही उलटा द्यावा, म्हणून जा असं ओरडलो. तो गेला. पाच महिन्यांत त्यानं माझा पाळलेला हुकूम हा एवढाच.

यानंतर मयुरीनं कळवलं की कुत्र्याला माणसांत न्यायला हवं, नाना आवाज, नाना वास, अनोळखी माणसं यांची सवय लागली की तो धीट होतो. म्हणून आठवडी बाजाराला निघालो. व्हिडिओत तो तरुण दोरी कमरेला बांधून हात मोकळे सोडून चालत होता, तसं मी केलं. (तो तिशीचा, मी त्रेसष्टचा, हा फरक व्हिडिओत दिसत नाही.) भाजीच्या ओळीत सगळं ठीक चाललं. लोक थांबून बघत होते, मीही जरा छाती काढून चालत होतो. मग वळणावर कलाबाईचं सुकटीचं दुकान आलं. हो, आमची शेजारीण कलाबाई, तिच्या वाडीत हा रोज जातो, ती त्याला रोज सुकट घालते, आणि हे मला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. कॅप्टन निघाला. कमरेला बांधलेला असल्यामुळे मीही निघालो. मिरचीच्या ढिगाला वळसा घातला तो त्यानं, मी मात्र सरळ त्यातून गेलो. एका पायरीवर घोट्यातून पाय मुरगळला आणि मी सुकटीच्या पाटीशेजारी बसलो ते बसलोच. कॅप्टन कलाबाईच्या मांडीत तोंड खुपसून उभा होता आणि ती मला विचारत होती, गुरुजी, कोन कोनाले फिरवून राह्यलं? बाजारातल्या निम्म्या लोकांना तो आधीपासून ओळखत होता. कुणी त्याला भुऱ्या म्हणालं, कुणी लाल्या म्हणालं, तो सगळ्यांकडे गेला, हात चाटून आला. त्याला माणसांची सवय लावायची गरजच नव्हती. त्याला सवय नव्हती ती फक्त एका माणसाची, आणि तो माणूस मिरचीनं शिंकत होता.

डॉक्टरांनी (माणसांच्या) घोट्याला पट्टी बांधून पाय पाटावर ठेवून तीन आठवडे बसायला सांगितलं. त्याच सुमारास शिट्टीही हरवली, माझा संशय कॅप्टनवर आहे, त्यानं कुठेतरी पुरली असावी. त्यामुळे शिकवणी बंद पडली. आता मी दिवसभर ओसरीवर बसतो, तुरीच्या शेंगा सोलतो, भाकरी खातो आणि काही बोलत नाही, कारण बोलून काय होतं ते मी पाहिलंय. तो अंगणात चुन्याच्या रेघेपलीकडे बसतो आणि माझ्याकडे बघतो. एवढीच प्रगती. तेव्हा भाऊ, करार म्हणजे करार. मी हरलो. धान घरात आलं की ये आणि तुझं कुत्रं घेऊन जा. मला वाईट वाटणार नाही.

तुझा,
लटारू (गुरुजी)

ता.क. वाईट वाटणार नाही हे खोटं आहे. कागदावरही जमतं म्हणायचं मला.

ता.क. दुसरा. तो रेघेपलीकडे बसतो, हेही आता खरं राहिलेलं नाही. रोज हातभर पुढे सरकायचा, मी बघितलं की थांबायचा, म्हणून मी बघणं सोडलं. एका दुपारी पायावर काहीतरी जड वाटलं म्हणून पाहिलं तर पट्टीवर हनुवटी ठेवून झोपला होता. तेव्हापासून रोज येतो. आत्ताही तिथेच आहे, त्यामुळे हे पत्र पेटीत टाकायला मला उठता येत नाही, रुखमाबाईकडे देतोय. मी त्याला हाक मारलेली नाही आणि मारणारही नाही, मारली तर तो पुन्हा कलाबाईकडे जाईल. म्हणजे तुझ्या कराराप्रमाणे मी हरलेलाच आहे. पण जो आधीच येऊन बसलाय त्याला ये कसं म्हणायचं, याचा विचार करार करताना आपण दोघांनीही केला नव्हता.

ता.क. तिसरा, आणि खरं काम हेच. पी.टी.च्या तासाला पोरं तुझ्या स्वयंपाकघरात पळून यायची. तू उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायचास, कुणाला बोलवायचा नाहीस, पोरं आपली येऊन शेजारी बसायची. मग एका वर्षी कुणीतरी मुख्याध्यापकांना अर्ज दिला की स्वयंपाकी मुलांना फूस लावतो, आणि पी.टी.च्या वेळेला तुझं दार महिनाभर बंद ठेवायला लावलं. तो अर्ज मी दिला होता. तू कधी विचारलं नाहीस, मला वाटतं तुला माहीत होतं, आणि तरी तू पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलंस. फूस लावतो हे मी खोटं लिहिलं होतं. खरं एवढंच होतं की पोरं माझ्याकडे येत नव्हती आणि मला त्याचं वाईट वाटायचं. माझं चुकलं, पत्रू. तू ये, आठ दिवस राहा, हवं तर वर्षभर माझ्याशी भांड. पण अंगणात आल्यावर त्याला हाक मारू नकोस. तू हाक मारलीस तर तो जाईल, तुझ्याकडे सगळेच जातात.

(याखाली दुसऱ्या अक्षरात)

पत्रू भाऊ, रामराम. पत्र पेटीत टाकाले माह्याजवळ देल्लं म्हनून दोन ओळी लिवते. ह्यायचा पाय बरा होऊन आठ दिस झाले. डाक्तरनं पट्टी बी काढली. पन पट्टी नसली तं कुत्रं जवळ येनार नाई म्हनते, आन् रोज सकाळी माह्याकडून पट्टी बांधून घेते. कापूस वेचाचा पडला हाय. काल दुपारी हे झोपले तवा मी हळूच पट्टी सोडून पायली. भुऱ्या आला, उघड्या पायाले हुंगलं आन् त्यावरच डोकं ठेवून झोपला. मी ह्यायले सांगलं नाई. परवा तलाठी लालसू बी येऊन ओसरीवर बसला, दोन घंटे ह्यायच्यासंगं शेंगा सोलत होता. तुमी बी या. आन् पट्टीचं तुमी बी सांगू नका. सांगलं तं हे उठून शिट्टी शोधतीन, आन् ती माह्या तुरीच्या डब्यात हाय.

रुखमा