मधला दीड फूट

माझ्या हातांनी झालेल्या वस्तू: दोन ठिकाणची उंची ताडून बघायची नळीची पाणपातळी, एक. सागाची चौदा फुटी मोजकाठी, एक. वाडीच्या नदीवरील मातीच्या धरणाचे नकाशे, अकरा. आणि ते धरण: लांबी १८० मीटर, मधली उंची ९ मीटर, साठा एकवीस कोटी लिटर. शिक्षण सातवी. बाकीचं खडेबाजारातल्या जुन्या पुस्तकांतून.

मी मायाप्पा संभू मेत्री, वय ५७, राहणार निपाणी तालुका, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या दडपणाशिवाय, माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहतं घर व बँकेतली ठेव मुलगी पारमिता हिला.

२. पाणपातळी पुतण्या प्रशिक याला. तो इंजिनिअर आहे. ओली चिकणमाती तळव्यावर शेवयीएवढी वळायची, तुटली नाही तर ती धरणाच्या गाभ्याला चालते, हे त्याला मीच शिकवलं. मातीचं धरण नंतर बसतं, उंच असतं तिथं जास्त. म्हणून मी माथा मधोमध दीड फूट चढता ठेवला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्रशिकने तो यंत्राने सपाट केला.

"काका, फोटोत धरणाला कुबड आल्यागत दिसतंय."

"अरं, कुबड न्हाय ते. माती बसणार हाय, तेवढी जादा ठेवलीया."

"लई झालं तुमचं सातवीचं इंजिनिअरिंग."

लोक हसले. मीही हसलो. तिथं माझं चुकलं.

दोन पावसाळ्यांत मधला भाग टोकांपेक्षा सव्वा फूट खाली गेला. मोठ्या पुरात पाणी तिथूनच माथ्यावर चढेल आणि धरण घेऊन जाईल. खाली आमची चाळीस घरं आहेत. पाणी संस्थेच्या सभेत प्रशिक उभा राहून म्हणाला, "काकांच्या नकाशातच माथा सपाट होता."

३. उंचवटा दाखवणारा मूळ नकाशा क्रमांक सात पारमिताकडे राहील. तिने तो सभेत उघडावा, प्रशिकच्या हाती देऊ नये. मधला भाग भरेपर्यंत साठा सोळा कोटींच्या वर नेऊ नये. या कलमासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये.

४. अंत्यविधीला प्रशिकने यावं. बोलू नये.

निपाणी, १२ मार्च २०२५.
सही: मा. सं. मेत्री
साक्षीदार: शालूबाई कोलकार (शेजारी), मारुतीराव शिंत्रे (पाणी संस्थेचे सदस्य)

सह्या झाल्यावर शालूबाई म्हणाल्या, "त्यो पाकीट घेऊन आलता, ते न्हाय लिहिलंस व्हय?"

लिहितो. नकाशा क्रमांक सात फाडून सपाट माथ्याच्या नव्या नकाशावर मी सही करावी, यासाठी प्रशिकने देऊ केलेली व मी परत केलेली रक्कम: सहा लाख चाळीस हजार रुपये.