धायटीची सुतळी

बुधवार, संध्याकाळ. बेळगाव.

शेजारच्या आप्पांनी आज पुन्हा धायटी बांधली. बायको, सुमन, लेकीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेल्यापासून दुसऱ्यांदा. कणकुंबीच्या माहेराहून आणून तिने हे झुडूप मुद्दाम फाटकासमोर एकटंच लावलं, फांद्या कमानीसारख्या झुकाव्यात म्हणून. लहानपणी याच फुलांतला मध चोखत ती शाळेला जायची. आप्पांनी मात्र टोमॅटोसारखी बांबूला ताठ उभी केली. "दारात मान टाकलेलं झाड बघवंना रं!" मान खरी टाकलीय ती मी, झाडानं नव्हे.

ते गेल्यावर मी सुतळी सोडली. फांद्या सावकाश खाली आल्या आणि आतली लाल फुलं दिसली.

फोनवर सांगितलं तर सुमन म्हणाली, "फोटो पाठवा की."

"फोटोतनं मध चोखता येत न्हाय. ये तू आता."

नुसतं 'ये' म्हणायला मला इतके दिवस का लागले?

मागे नातू रडत होता. मग म्हणाली, "आप्पांना पुन्हा बांधू देऊ नका."

म्हणजे येणार. याहून कमी आधारावर भाष्यकारांनी मोठमोठे अर्थ काढलेत. तरीही सुतळी लपवून ठेवलीय.