पान एकशे अठरावरच्या मुंग्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच. प्रत्यक्षात गुडघे आता एवढं वाकायला तयार नाहीत.) तुझा खोकला थांबला का? भावोजींची कंबर काय म्हणते? इकडे तुझी भावजय ठणठणीत आहे. दिवसातून दोनदा माझ्यावर ओरडते, त्यावरून तब्येतीचा अंदाज घ्यावा. पाकीट जाड दिसलं म्हणून घाबरू नकोस. मजकूर बेताचाच आहे, पण पेन जाड घेतलं आहे आणि पानाला नऊच ओळी लिहिल्या आहेत, म्हणजे मला लिहिता येईल आणि तुला वाचता येईल.

तुझं पत्र मिळालं. महिनाअखेरीला शाळेचा राजीनामा देणार म्हणतेस. एकतीस वर्षं गणित शिकवलं, आता वह्यांतले आकडे मधोमध पुसल्यासारखे दिसतात, मुलांसमोर फजिती होण्याआधी आपणहून उठलेलं बरं. राजीनाम्यात कारण काय देणार, तर 'घरगुती अडचण'. आणि जाता जाता मलाही उपदेश: बाबांचे डोळे आपल्या दोघांच्याच वाट्याला आले, तेव्हा तूही आता काळा कोट खुंटीला टांग. ताई, स्पष्ट लिहितो, रागावू नकोस (रागावलीस तरी तू लांब आहेस): तुझा उपदेश साफ नामंजूर. कोट खुंटीला जाणार नाही. खुंटी दिसली तरी जाणार नाही, आणि ती हल्ली दिसत नाहीच.

अगं, माझा धंदा काय आहे? बाई गरोदर म्हणून नोकरीवरून काढली, माणूस पन्नाशीचा म्हणून काढला, लंगडतो म्हणून काढला, अशा लोकांची भांडणं मी बावीस वर्षं लढतो आहे. बावीस वर्षं घसा खरवडून एकच सांगतो आहे की कामावर सोय मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे, तो हक्क आहे. असं सांगणारा बॅरिस्टर स्वतः डोळ्यांपायी गुपचूप घरी जाऊन बसला, तर ज्या कंपन्यांना मी घाम फोडला त्या पेढे वाटतील आणि माझं नाव घेऊन हसतील. ते सुख मी त्यांना मिळू देणार नाही.

आता तू विचारशील की मग काम चालतं कसं. सांगतो. कुठल्याही खटल्यात दोन्ही बाजूंचे सगळे कागद एकाच जाड फायलीत लावून त्यांवर ओळीने पानांचे आकडे घालतात. कोर्टात आम्ही सगळे त्या आकड्यांवर जगतो. 'पान सत्तर पाहावे', 'पान नव्वद पाहावे', आणि सगळी मुंडकी एकदम खाली. मी काय करतो, तर ती फाइल आठवडाभर आधी घरी नेतो, तुझी भावजय मोठ्याने वाचते आणि मी आकड्यांसकट पाठ करतो. (वाचताना ती मध्येच 'काय मेला माणूस आहे!' असं मॅनेजरांना उद्देशून म्हणते, तेही पाठ होतं. एकदा भर कोर्टात तोंडातून निघता निघता राहिलं.) पुढे फाइल उघडी ठेवायची, नजर खाली ठेवायची आणि घडाघडा म्हणायचं. कुणाला पत्ता लागत नाही. आमच्या कचेरीतल्या मुख्य कारकुनालाही नाही, आणि तेच महत्त्वाचं. कारण आम्ही सात बॅरिस्टर एका छपराखाली बसतो खरे, पण कुठला खटला कुणाला द्यायचा हे तो ठरवतो. त्याला कळलं की गेलोच. कुणी हाकलणार नाही, फक्त माझ्या टेबलावर फायली यायच्या बंद होतील.

तर परवाचा खटला. माझी अशील एका मोठ्या गोदामात खोक्यांवरच्या चिठ्ठ्या तपासणारी बाई. एकोणीस वर्षांची नोकरी, एक चूक नाही. नजर अधू व्हायला लागली तेव्हा तिने टेबलावर दिवा आणि जरा मोठ्या अक्षरातल्या याद्या मागितल्या. स्वतःच्या पदरचं भिंग आणलं, तर गोदामात काचेची वस्तू चालत नाही म्हणून तेही काढून घेतलं. मॅनेजरने पत्र दिलं की अशा सोयींमुळे संपूर्ण गोदामाचं काम विस्कळीत होईल, आणि पुढच्या महिन्यात तिला घरी पाठवलं. एका दिव्याने गोदाम विस्कळीत! ते पत्र पान एकशे अठरावर. माझा सगळा खटला त्या एका पानावर उभा.

दिवसाची सुरुवात झकास झाली. कोर्टात शिरताच मी न्यायाधीशबाईंच्या खुर्चीकडे बघून कमरेत लवून नमस्कार केला. खुर्चीतून वीजवाल्याने उठून तितक्याच अदबीने नमस्कार केला. तो माइक दुरुस्त करत होता. (माणूस सज्जन. बाकीचे वकील त्याला ओळखही देत नाहीत, असं मागाहून म्हणाला.)

मग मॅनेजर साक्षीला उभा राहिला. मी कोट सावरला, आवाज चढवला आणि म्हटलं, पान एकशे अठरा. मुंडकी खाली. मी नजर फायलीत रोवून ते पत्र शेवटच्या सहीपर्यंत असं म्हटलं की मागच्या बाकावर कुणीतरी हळहळलं. 'हे निर्दय पत्र आपणच लिहिलंत ना?' मॅनेजर नुसता पानाकडे बघत राहिला. मला वाटलं, पाचावर धारण बसली. तेवढ्यात न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या, 'वकीलसाहेब, माझ्या पान एकशे अठरावर मुंग्या आहेत.'

झालं होतं असं की समोरच्या वकिलाने त्याच सकाळी फायलीच्या सुरुवातीला नऊ नवी पानं घुसवली आणि आकडे सगळे नव्याने घातले. एकशे अठरावर आता गोदामात मुंग्यांचं औषध मारण्याची सूचना होती. तसं एका चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवलंही होतं. चिठ्ठी बारीक अक्षरात. मॅनेजर बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, 'मुंग्यांनी दिवा मागितल्याचं मला आठवत नाही.' कोर्ट हसलं. ताई, बावीस वर्षांत मला असा घाम फुटला नव्हता. माझ्या हातात फाइल होती आणि तिच्यातलं एकही अक्षर मला दिसत नव्हतं, आणि आता ते सगळ्यांना कळणार होतं.

तेव्हा मागून माझ्या कोपराला काहीतरी टोचलं. अशीलबाईंनी त्यांचं, नोकरी सुटताना परत मिळालेलं भिंग माझ्या हातात सरकवलं आणि कुजबुजल्या, 'नऊ पानं पुढे.' एकोणीस वर्षं चिठ्ठ्या तपासलेली बाई ती, तिला सगळं कळून चुकलं होतं. मी ते भिंग वर धरलं. आणि मग ताई, मला जो चेव आला! न्यायाधीशबाईंना म्हटलं, हीच ती काचेची वस्तू, हिच्यामुळे म्हणे गोदाम कोसळतं. आता घड्याळ लावा. मी पानं उलटली, एकशे सत्तावीसवर थांबलो, भिंगातून तेच पत्र एकेक शब्द करून वाचलं, आणि विचारलं की किती वेळ लागला? न्यायाधीशबाई म्हणाल्या, एक मिनिट दहा सेकंद. मी मॅनेजरकडे वळून विचारलं, 'या एका मिनिटात कोर्ट विस्कळीत झालं का?' त्याने समोरच्या वकिलाकडे पाहिलं. वकिलाने छताकडे पाहिलं.

जिंकलो. बाईंना नोकरी परत, दिवा मिळणार, याद्या मोठ्या अक्षरात मिळणार, भिंगही टेबलावर राहणार. समोरचा वकील येऊन हात दाबून म्हणाला, मुंग्यांचं नाटक लाजवाब होतं. कचेरीत तर मी हिरो झालो आहे. मुख्य कारकून सगळ्यांना सांगत सुटला आहे की मुद्दाम चुकीचं पान काढून डाव टाकणारा वकील त्याने जन्मात पाहिला नाही, आणि लागलीच तीन नव्या फायली त्याने माझ्या टेबलावर ठेवल्या. तेव्हा सांग, असा माणूस कोट टांगेल का? मुळीच टांगणार नाही. मी शेवटपर्यंत भांडेन, आणि तूही राजीनामा देणार नाहीस, ही माझी आज्ञा समज. (लहान भावाने आज्ञा करू नये असा कायदा असेल तर दाखव.)

भावोजींना नमस्कार. कंबरेला शेक द्यायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत एक टाइप केलेला कागद आहे. तुझ्या मुख्याध्यापिकाबाईंना पत्र: नजर अधू झाली आहे, शिकवणं पूर्वीइतकंच पक्कं आहे, तरी वर्गात चांगला दिवा, मोठ्या चौकोनांच्या वह्या आणि परीक्षेच्या देखरेखीतून सूट मिळावी. खाली फक्त सही कर. 'घरगुती अडचण' हा शब्द त्यात कुठेही नाही, शोधू नकोस.

ता. क. दुसरा. एक गोष्ट वर लिहायची टाळली. निकालानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर अशीलबाई म्हणाल्या, 'साहेब, तुमच्या हापिसात माहीत आहे का हो?' मी विचारलं, 'काय?' त्यांनी नुसता माझा हात धरला आणि मला तीन पायऱ्या उतरवून दिल्या.

ता. क. तिसरा, आणि हा भावोजींना वाचून दाखवू नकोस. तुझ्यासारखंच एक पत्र मी माझ्यासाठीही टाइप केलं आहे. वीस दिवस ते कोटाच्या आतल्या खिशात आहे. मुख्य कारकुनाच्या दारापर्यंत चारदा गेलो. तीनदा दारातूनच वळलो, चौथ्यांदा आत जाऊन टाचण्या मागून परत आलो. ताई, मला फार भीती वाटते गं. येत्या सोमवारी साडेदहाला तू तुझं पत्र घेऊन मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत जा. बाहेर आलीस की मला फोन कर, मी कारकुनाच्या दाराशी उभा असेन, तुझा फोन आला की आत जाईन. आधी तू जा. तू मोठी आहेस.