समोरच्या खुर्चीचा पेला

१ फेब्रुवारी
नवं घर मिळालं! अल्माग्रो वस्तीतला तिसरा मजला, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, आणि आधीच्या भाडेकरणीने मागे ठेवलेलं टेबल, दोन खुर्च्यांसकट. त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच माझं एकटीचं घर. कुणी दूर गेलं की उसळणाऱ्या माझ्या मनाच्या आजाराला नाव मिळालं तेही पन्नाशीला. तोवर लोक नुसतंच म्हणायचे, मिर्ता तमाशे करते. नोएमीबाई, माझ्या मनाच्या डॉक्टर, कालच समुद्रावर गेल्या. फेब्रुवारीत ब्यूनोस आयर्समधले असे सगळेच डॉक्टर जातात. वेड लागायचं तर मार्चमध्ये लागावं. गेल्या वर्षी मी त्यांच्या दाराशी बसून किंचाळले होते. यंदा हसून निरोप दिला. रोज लिहायला सांगितलंय, आणि मनात वादळ उठलं तर मुठीत बर्फ धरायला. पुढच्या रविवारी माझी लेक ऐलिन येणार आहे, बाळाला घेऊन. घर शांत दिसलं तर पुन्हा येईन, म्हणाली. नातवाला मी अजून पाहिलेलं नाही.

४ फेब्रुवारी
इमारतीचे रखवालदार रुफिनो गळका नळ बघायला आले. त्यांना येर्बाचा कडू चहा दिला. दोघांत एकच पेला, एकच नळी, भरणारी मी. पोट भरल्यावर त्यांनी ‘आभार’ म्हटलं, म्हणजे आता पुरे, आणि मी थांबले. न म्हणता पेला परत केला असता, तर भरत राहावं लागलं असतं, रीतच आहे. जाताना म्हणाले, "आधीच्या बाई रिकाम्या खुर्चीपुढे पेला धरायच्या. तुम्ही एकट्या असाल तेव्हा एकट्याच प्या हं, बाई." म्हाताऱ्याची चेष्टा, दुसरं काय.

७ फेब्रुवारी
ऐलिनचा निरोप आला. बाळाला ताप आहे, आठवडाभराने येते. ताप खरा असणार, हे डोक्याला कळतं. छातीला कळत नाही. फोन करून तिला नाही नाही ते बोलावंसं वाटलं. बर्फ धरला, वितळला, पुन्हा धरला. फोन केला नाही. फार दमले. मग पेला भरला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला. म्हटलं, तू तरी घे.
नळीतून शेवटचा घोट ओढल्याचा आवाज झाला. पेला माझ्यापुढे परत आला होता, कोरडा. आभार कुणी म्हटलं नाही.

१० फेब्रुवारी
भरतेच आहे. खरं सांगायचं तर बरं वाटतंय. जाणाऱ्यांच्या बाह्या ओढण्यात जन्म गेला माझा. हे जातच नाही.

१३ फेब्रुवारी
भरून भरून हात भाजलेत. झोप नाही. रुफिनोंनी जिन्यात विचारलं, वर कोण राहायला आलंय. दोन आवाज येतात म्हणे— दोन्ही तुमचेच.
मीच आभार म्हणून पाहिलं. उपयोग नाही. भरणारीने म्हटलेलं चालत नाही, पिणाऱ्याने म्हणायचं असतं. म्हणजे त्याला भरू द्यायचं, मी प्यायचं, मी म्हणायचं. मी सोडायचं. मी आजवर कुणाला—

१५ फेब्रुवारी
किटली त्या बाजूला गेलीय. पेला आला माझ्याकडे. गोड केलाय, मला लागतो तसा.
खाली घंटा वाजली. ऐलिन. बाळ रडतंय—
ती इथेच बसेल. पुढे केलेला पेला ती कधी नाकारत नाही, मग तीही अडकेल. त्याआधी एक शब्द, आभार. एवढंच तर—
प्यायले. तोंड उघडलं. समोरून माझ्याच आवाजात, हळू, "मला सोडून जाऊ नकोस ना, मिर्ता."
किती जणांना मी हेच—
घंटा. पुन्हा घंटा.
पेला परत दिला. काहीच न म्हणता—