अजून दोन परस

अण्णा, तुमच्या नातीचा काल दुपारी फोन आला. मी अंगणात तूर पाखडत होते, सूप बाजूला ठेवून उचलला. ती आता समुद्रात तेल शोधणाऱ्या जहाजावर असते. मी चौथी शिकलेली, पण तिचं काम कळावं म्हणून तिची पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचली. तिथला तळ इतका खोल, की आपल्या विहिरीसारख्या शंभर विहिरी एकीखाली एक लावल्या तरी पुरायच्या नाहीत, आणि तळाखाली पुन्हा तेवढंच भोक पाडायचं. आधी पाण्यात आवाज सोडतात. खालच्या दगडांवरून तो परत येतो, त्यावरून चित्र काढतात. ते चित्र वाचून जागा सांगायची, हे तिचं काम. खाली तेलाचं तळं असतं का, असं मी एकदा विचारलं होतं. "तळं कुठलं गं आई, वाळूच्या दगडात मुरलेलं असतं, भाकरीत तूप मुरावं तसं."

तिनं सांगितलेल्या जागी तो दगड लागला, पण त्यात नुसतं खारं पाणी निघालं. साहेब म्हणतात, चित्रात खाली आणखी एक थर दिसतो, तिथवर जाऊ. तिला भीती दाबाची. भोकात जड गाळ भरून खालचा दाब धरून ठेवतात. गाळ कमी पडला तर खालचं सगळं उसळून माणसांवर येतं. "दाब वाढायलाय आई. संध्याकाळपर्यंत मला लिहून द्यायचंय. थांबा म्हणलं तर लोक म्हणतील, जागा हिनंच दाखवली अन् आता हीच माघार घ्यायली. आजोबा असते तर काय म्हणले असते?"

तुम्ही काय म्हणाला असता, ते मला ठाऊक होतं. तुम्ही पायाळू, जमिनीखालचं पाणी दाखवणारे. तळहातावरचा नारळ उभा राहिला की तिथं खुंटी ठोकायचात. पाणी लागेपर्यंत त्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, ही तुमची रीत. पोखर्णीच्या वाटेवरच्या आमच्या रानात विहीर पाडताना तुम्ही लेकीच्या घरीही तीन महिने चहा घेतला नाही. पण इथं पाणी नाही, हे शब्द तुमच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. तुमचं ठरलेलं, अजून दोन परस. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. तुम्ही काठावर उभे आहात. माझे मालक खालून वर बघून हसतात. "मामा, अजून दोन परसानं पाताळ लागंल बघा." तुम्ही म्हणता, "लागू द्या की. खणा जावईबापू, पाणी हाय." सुरुंगानं सैल झालेली कड तिसऱ्या दिवशी ढासळली.

नंतर तुम्ही माझ्याच घरी राहिलात. नारळ पुन्हा हातात धरला नाही. पोरीला शाळेत सोडलंत, आणलंत. मी रोज सकाळी तुमच्यापुढं चहा ठेवायची, तुम्ही मान खाली घालून प्यायचा. अकरा वर्षांत आपण दोघांनी विहिरीचं नाव काढलं नाही. पोरीला एवढंच माहीत, की कड पडली आणि बाप गेला.

मी तिला म्हणाले, "तुझे आजोबा म्हणायचे, नसंल तर नाही म्हणावं आणि माणसं वर घ्यावीत." ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." तिनं थांबा म्हणून लिहून दिलं. साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. ते तिचं ऐकतील की दुसऱ्याकडून लिहून घेतील, कोण जाणे. आज फोन लागत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहिते. तुमची अब्रू राखायला मी खोटं बोलले असं तुम्हाला वाटेल. तसं नाही, अण्णा. खरं सांगितलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं, आई, तू तेव्हा काय म्हणलीस? कड ढासळली त्याच्या आदल्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले, तेव्हा कडेला पडलेली भेग मी पाहिली होती. तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून पदर सावरून गप्प उभी राहिले.