झगडू कोतवालाची मिशी

भातकुली,
मार्च २००६

प्रिय मित्र उद्धव यास,

रऊफचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? कुंदावहिनींना सांग, हलीमाबीने त्यांच्यासाठी लिंबाचं लोणचं घातलं आहे. (बरणी मात्र अकोल्याला कोण आणणार, ते ठरलेलं नाही.) अल्लाच्या कृपेने इकडे सगळे ठीक आहेत. फक्त मी गोंधळलेला आहे.

आपलं 'फटफटी' चित्रमासिक तेहतीस वर्षांचं झालं. कसं टिकलं, हे मलाच नीट कळत नाही. नवा चित्रकार मिळाला नाही की आपले संपादक गोवर्धनभाऊ जुनी चित्रं कपाटातून काढायचे आणि मी त्यांतल्या बोलण्याच्या फुग्यांवर नव्या मजकुराच्या पट्ट्या चिकटवायचो. एकाच चित्रात झगडू कोतवालाने लग्न लावलं, साप पकडला आणि निवडणूकही लढवली. मागे दोन वर्षं पिकं बुडाली, तेव्हा भाऊंनी हिरवी शाईच बंद केली. म्हणाले, घरी पाहतात त्याहून हिरवं शेत पोरांना दाखवायचं नाही. तो अंक पिवळाच निघाला आणि गावोगाव मागून वाचला गेला. (विकला गेला असं मी म्हटलेलं नाही.)

आता इतिहास विशेषांकात झगडूची पहिली गोष्ट मूळ रूपात छापायची ठरली. मी बिस्मिल्ला म्हणून ओल्या फडक्याने पट्ट्या सोडवू लागलो. निवडणूक निघाली, साप निघाला, लग्न निघालं. सगळ्यात खाली कोतवाल म्हणत होता, "संत्री मीच नेली!" मिशीसुद्धा निघून आली, कारण तीही चिकटवलेलीच होती. उद्धव, आपला झगडू चोर आहे.

भाऊंना दाखवलं, तर ते खुर्चीतून उठलेच. "काहून बे रऊफ, तुले इतिहास मांगतला, अन् तू चोर काढून राहिला?"

पण माझा घोर वेगळाच आहे. ती खालची अक्षरं तुझी होती आणि कोपऱ्यात तुझा 'उ' होता. मग सगळं आठवलं. तू ही गोष्ट काढून दिलीस आणि अकोल्याला मास्तरकीवर गेलास. पोरं चोरी शिकतील म्हणून भाऊ अडून बसले, तेव्हा मी पट्टी लावली, मिशी लावली आणि कोतवाल केला. पुढे तीस वर्षं मी नमाजाला जाणारा माणूस लोकांना सांगत आलो की झगडू माझा. खोटं बोललो की विसरलो, हे मला अजून ठरवता येत नाही.

कळावे, लोभ आहेच.
तुझा रऊफ

ता.क. : रविवारी मोर्शीला शाळेच्या सभागृहात 'झगडूचे जनक' म्हणून माझा सत्कार आहे. तुझी हरकत नाही, अशा दोन ओळी लिहून पाठव.

ता.क. २ : वरचं हलीमाबीने वाचलं. म्हणते, "चिठ्ठी कायले मांगता? त्याइलेच बलवा ना!" तर ये. लोणचंही घेऊन जाशील.

ता.क. ३ : आता खरं सांगतो. निमंत्रणात छापलं आहे की जनक पोरांसमोर फळ्यावर झगडू काढून दाखवतील. मला चित्र येत नाही, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. सकाळच्या पहिल्या गाडीने ये. चेहरा तू काढ. मिशी मला येते.