गौराच्या हातची झोप

प्रिय गौरा,

लढाई संपली तरी रॉकेल अजून रेशनच्या चिठ्ठीवरच मिळतं, म्हणून दिवसाउजेडी लिहायला बसलेय. अक्षराला हसू नकोस. आप्पांनी दुकानातल्या एकाच पाटीवर आपल्या दोघींना गिरवायला लावलं, आणि अर्ध्याहून जास्त पाटी नेहमी तूच बळकावलीस.

नीलाची खुशाली सांगते. आता ती बसते, भिंतीला धरून उभी राहू बघते. सकाळी उन्हं चढली की एक डुलकी, दुपारी मोठी झोप, आणि उठली की भुकेनं घर डोक्यावर घेते. लेकरू झोपेतच वाढतं, असं सासूबाई म्हणतात. खरंच आहे. पण झोपून उठलेलं लेकरू भुकेलं असतं, हे त्या विसरल्या आणि तापाच्या भरात मलाही दिसलं नाही.

सुगीत मला हिवतापानं धरलं आणि तू मुरुमहून धावत आलीस, तेव्हा तुला बघून मला रडूच आलं होतं. माझ्याजवळ किरकिरणारी पोर तुझ्या मांडीवर गप्प. तू झोळीत घातलंस की दिवेलागणीपर्यंत हूं की चूं नाही. आख्खी गल्ली म्हणायला लागली, गौराच्या हाताला गुण आहे. ह्यांनीसुद्धा माझ्या उशाशी बसून सांगितलं, तुझ्यापेक्षा तिलाच लेकरू कळतं. ते मनाला लागलं, पण अभिमानही वाटला. बहीण कुणाची!

तू परत गेलीस आणि नीलानं आकांत मांडला. घामानं भिजायची, नाक गळायचं, दूध तोंडात धरायची नाही. घरात सगळ्यांनी मलाच बोल लावला, की पोरीला मावशीचा लळा लागलाय, आईजवळ राहत नाही. मीही तेच खरं मानलं. मग एकदा झोळीचं लुगडं धुवायला सोडलं, तर त्याच्या गाठीत पानात गुंडाळलेली काळी, चिकट गोळी निघाली. वास घेतला आणि लगेच ओळखला.

तो वास बंडूच्या दुपट्याचा, गौरा. आपल्या भावाचा. आई शेंगा वेचायला जाताना त्याला रोजच्यापेक्षा थोडी जास्त अफू चाटवून गेली, आणि आपण झोळीखाली गजगे खेळत बसलो, बंडू किती शहाणा, रडतसुद्धा नाही म्हणत. तो उठलाच नाही. नंतर आईनं आपल्या दोघींना गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून शपथ घ्यायला लावली, की आपल्या लेकरांच्या तोंडाला अफू लागणार नाही. तू माझ्या शेजारीच होतीस.

दुसऱ्या कुणी दिली असती तर भांडून मोकळी झाले असते. सासूबाईंना गोळी दाखवली, तर म्हणाल्या, त्यात काय, आमची लेकरं अफूवरच वाढली की, पोरगी सुखानं झोपली न्हवं? ती झोपली नव्हती गं. ती गुंगीत होती. सासूबाईंना फरक कळत नाही, तुला कळत होता.

आणि आता ह्यांची दुसरी बायको म्हणून तुला मागणी गेली, आणि तू होकारही दिलास. वर मला लिहितेस, अक्का, नीलासाठीच येतेय. माझ्या लेकराला गुंगीत ठेवून माझी जागा घेतलीस आणि नाव तिचंच पुढं करतेस? तुझी लाज वाटते मला. सोमवारी आमच्या घरची माणसं साखरपुड्याची साखर घेऊन मुरुमला येतील. मीही येईन, नीलाला घेऊन. आप्पांसमोर गोळीचं नाव काढणार नाही. सगळे बसले की पोर तुझ्या मांडीवर देईन. रिकाम्या हातानं झोपव तिला. झोपली, तर तुझी ओटी मी स्वतः भरीन.

लहानपणी जिच्या मांडीवर तू झोपायचीस, ती
तुझीच अक्का,
इरम्मा